अमेरिकेत आखूड नळीची शॉटगन: कागद आधी, बंदूक नंतर

शॉटगनची नळी १८ इंचांची असली, तर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ती दुकानातून घेऊन त्याच दिवशी घरी येता येतं. तीच नळी एका सुताने कमी भरली, तर ती बंदूक १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली (एनएफए) येते. मग केंद्र सरकारच्या नोंदवहीत नाव नसताना ती जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरतो. शिक्षा १० वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड, आणि बंदूक जप्त.

ग्रीन कार्डवर असलेल्यांना धोका याहून मोठा आहे. नोंदणी नसलेली बंदूक बाळगण्याचं कलम आहे ५८६१. इमिग्रेशन कायद्यात ‘गंभीर गुन्ह्यां’ची जी यादी आहे, तिच्यात हे कलम क्रमांकासकट लिहिलेलं आहे. दोष सिद्ध झाला की देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू होऊ शकते, आणि तिथे ‘मला माहीत नव्हतं’ म्हणून फारसा बचाव होत नाही. म्हणून खाली जे काही सांगितलं आहे त्याचा गाभा एकच: मंजूर फॉर्म हातात येईपर्यंत नळी कापायची नाही आणि तयार बंदूक घरी आणायची नाही.

कोणती बंदूक या कायद्यात बसते

खांद्याला लावून झाडण्यासाठी बनवलेली, गुळगुळीत नळीची आणि छर्ऱ्यांची काडतुसं उडवणारी बंदूक म्हणजे शॉटगन. महाराष्ट्रात जिला बारा बोअर म्हणतात, तीच इथली १२ गेज. नळी १८ इंचांपेक्षा, म्हणजे ४५.७२ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल, तर ती आखूड नळीची शॉटगन. दुसरी अट लोकांच्या नजरेतून सुटते. नळी १८ इंचांची ठेवली, पण दस्ता (खांद्याला टेकणारा मागचा भाग) कापून किंवा बदलून पूर्ण बंदूक २६ इंचांपेक्षा कमी लांबीची केली, तरी ती याच कायद्यात येते. दोन्हीपैकी एक माप चुकलं तरी पुरे.

१९३४ मध्ये रायफल आणि शॉटगन, दोन्हींसाठी मर्यादा १८ इंचच होती. रायफलची १९६० मध्ये १६ वर आणली गेली, शॉटगनची आहे तिथेच राहिली. रायफलची सवय असलेला माणूस इथेच चुकतो: साडेसोळा इंचांची नळी रायफलला चालते, शॉटगनला चालत नाही.

नळी कशी मोजतात, हे नीट समजून घ्या. आधी बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, डोळ्यांनी पाहा आणि बोटानेही चाचपा. मग ॲक्शन, म्हणजे काडतूस भरायची यंत्रणा, बंद करा. लाकडाची एक सरळ गोल काठी नळीच्या तोंडातून आत सोडा. ती बंद बोल्टच्या (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाच्या) दर्शनी भागाला टेकली की ‘टक्’ असं जाणवतं. नळीच्या तोंडाशी काठीवर धारदार पेन्सिलीने खूण करा, काठी बाहेर काढा आणि टोकापासून खुणेपर्यंत मोजा. ही नळीची लांबी. बाहेरून रिसीव्हरच्या (यंत्रणा असलेल्या मधल्या धातूच्या सांगाड्याच्या) कडेपासून टेप लावणारे चुकतात, कारण नळीचा बराच भाग रिसीव्हरच्या आत असतो आणि तोही मोजला जातो. तोंडावर फिरकीने बसवलेला चोक किंवा ब्रेक या मापात धरत नाहीत. तो कायमचा जोडलेला असेल तरच धरतात. कायमचा म्हणजे सगळीकडून वेल्ड केलेला, ११०० अंश फॅरनहाइटवर वितळणाऱ्या चांदीच्या डागाने जोडलेला, किंवा आत खीळ ठोकून तिच्या डोक्यावर वेल्ड मारलेला. पूर्ण लांबी मोजताना टेप नळीच्या रेषेला समांतर धरायचा आणि घडीचा दस्ता असेल तर उघडून मोजायचा.

दुकानात १४ इंच नळीची मॉसबर्ग ५९० शॉकवेव्ह कुठलाही खास फॉर्म न भरता मिळते, ते कसं? तिला कारखान्यातून कधीच दस्ता लागलेला नसतो, फक्त पक्ष्याच्या मानेसारखी मूठ असते. ती खांद्याला लावण्यासाठी बनवलेली नाही, म्हणून कायद्याने ती ‘शॉटगन’ नाही. शिवाय तिची पूर्ण लांबी २६ इंचांपेक्षा थोडी जास्त आहे, म्हणून ती या कायद्याबाहेर राहते. पण तिला दस्ता बसवला की त्याच क्षणी ती आखूड नळीची शॉटगन होते. दस्ता बाजारात सहज मिळतो आणि बसवायला दहा मिनिटंही लागत नाहीत, म्हणून ही चूक फार सोपी आहे. दस्ता हवा असेल तर आधी फॉर्म १, म्हणजे अशी बंदूक स्वतः बनवण्याचा अर्ज, मंजूर करून घ्या. उलट, जी बंदूक कारखान्यातून दस्त्यासह निघाली, तिला नुसती मूठ बसवून १४ इंचांची नळी लावली तर ती शॉकवेव्हसारखी ठरत नाही. ती शॉटगनपासून बनवलेली बंदूक असल्याने नोंदणी लागतेच.

या कायद्याच्या इतिहासात ही बंदूक ठळकपणे येते. १९३८ मध्ये जॅक मिलर आणि फ्रँक लेटन यांना ओक्लाहोमातून आर्कान्सात नोंदणी नसलेली दुनळी स्टीव्हन्स शॉटगन नेल्याबद्दल पकडलं, आणि १९३९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बंदुकीच्या बाबतीत कायदा वैध ठरवला. नोंदणीची सक्ती आजही कायम आहे. बदलला तो कर. १९३४ पासून २०० डॉलर भरावे लागत होते. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड शॉटगन, आखूड रायफल आणि सायलेन्सर यांचा कर शून्य केला. कर गेला म्हणून नोंदणीही गेली, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. अर्ज, ठसे, फोटो आणि मंजुरी हे सगळं आहे तसंच आहे.

अर्ज करण्याआधी: तुम्ही पात्र आहात का

एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४, बी-२ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, मग ती कुठलीही असो. शिकारीच्या परवान्याचा एक अपवाद कायद्यात आहे आणि अर्जाबरोबर त्याचा पुरावाही जोडता येतो. पण आखूड शॉटगनसारख्या गोष्टीसाठी त्या अपवादावर विसंबू नका, परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, रांगेत दहा वर्षं झाली, मुलं इथेच जन्मली, तरीही तुम्ही एच-१बीवरच असाल तर उत्तर ‘नाही’ असंच आहे. ग्रीन कार्ड हातात आल्यावर अर्ज करता येतो, आणि अर्जात परकीय नागरिक म्हणून एलियन नंबर द्यावा लागतो.

बाकीच्या बंदी सगळ्यांना लागू आहेत: एक वर्षाहून जास्त कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात दोषी ठरणं, घरगुती हिंसेचा किरकोळ मानला गेलेला गुन्हासुद्धा, न्यायालयाचा संरक्षक आदेश, आणि अमली पदार्थांचं सेवन. गांजा राज्यात कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदेशीरच आहे. फॉर्मवर त्याबद्दल स्पष्ट प्रश्न असतो आणि खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा ठरतो. डीलरकडून घ्यायची असेल तर वय २१ पूर्ण हवं.

आता राज्य. केंद्राची नोंदणी राज्याच्या बंदीवर मात करत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, हवाई, वॉशिंग्टन राज्य आणि मिनेसोटा इथे सामान्य नागरिकाला आखूड शॉटगन ठेवता येत नाही. म्हणजे बे एरिया, एडिसन, शिकागो, बॉस्टन आणि सिएटलचे वाचक इथेच थांबले. वॉशिंग्टनमध्ये तर आखूड रायफलला २०१४ पासून परवानगी आहे, शॉटगनला नाही. त्यामुळे ‘माझ्या मित्राकडे आहे’ हे ऐकून अर्ज करू नका, त्याच्याकडे नेमकं काय आहे ते विचारा. टेक्सस, ॲरिझोना, जॉर्जिया आणि फ्लोरिडा इथे केंद्राची नोंदणी असेल तर ठेवता येते. मिशिगनने २०१४ मध्ये परवानगी दिली. हे कायदे बदलत राहतात, म्हणून अर्जाच्या आठवड्यात राज्याच्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावरचं कलम स्वतः वाचा. दुकानदाराच्या तोंडी भरवशावर राहू नका.

दोन वाटा: फॉर्म ४ किंवा फॉर्म १

कारखान्यातूनच आखूड नळीची आलेली बंदूक विकत घ्यायची असेल, तर फॉर्म ४. यात बंदूक डीलरच्या नावावरून तुमच्या नावावर हस्तांतरित होते. डीलरकडे या प्रकारच्या बंदुकांचा खास कर भरलेला परवाना हवा, सगळ्या दुकानदारांकडे तो नसतो. बंदूक दुसऱ्या राज्यातल्या दुकानात असेल तर ती थेट तुमच्याकडे येत नाही. आधी ती फॉर्म ३ वर तुमच्या राज्यातल्या डीलरकडे येते, आणि ती तिथे पोचल्यावर तुमचा फॉर्म ४ सुरू होतो. पैसे आधी भरावे लागतात आणि बंदूक मंजुरी येईपर्यंत डीलरच्या तिजोरीतच राहते. पावती घेताना तिच्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि अर्ज नामंजूर झाल्यास पैसे परत मिळतील की नाही, हेही लेखी घ्या. बऱ्याच दुकानांत परत करताना काही रक्कम कापून घेतात.

स्वतःकडे आधीच असलेली साधी शॉटगन आखूड करायची असेल, तर फॉर्म १. यात तुम्ही स्वतः ‘निर्माते’ ठरता. बंदूक तुमच्याकडेच असते, म्हणून वाट पाहणं सोपं जातं, पण कोरीवकाम, माप आणि सुटे भाग या सगळ्यांची जबाबदारी तुमची. पहिल्याच खेपेला आम्ही फॉर्म ४ सुचवतो. माप कारखान्याने घेतलेलं असतं, कोरीवकाम झालेलं असतं, आणि चूक करायला जागा कमी उरते.

दोन्ही अर्ज एटीएफच्या, म्हणजे बंदुकांची नोंदणी पाहणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, ई-फॉर्म्स संकेतस्थळावर करता येतात. कागदी अर्जाची सोय आहे, पण ती निवडण्याचं चांगलं कारण क्वचितच असतं. मंजुरीला काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत काळ लागतो. सुट्टीचा बेत किंवा घर बदलण्याची तारीख त्यावर आखू नका.

स्वतःच्या नावावर की ट्रस्टच्या

या निर्णयावर घरातल्या माणसांचं वागणं अवलंबून असतं, म्हणून इथे घाई करू नका.

स्वतःच्या नावावर नोंदली, तर ती बंदूक फक्त तुमची. तुम्ही सोबत असताना बायको रेंजवर ती चालवू शकते. पण तुम्ही भारतात गेलात आणि तिजोरीची किल्ली तिच्याकडे राहिली, तर बंदूक तिच्या ताब्यात आहे असा अर्थ काढता येतो आणि तिच्या नावावर नोंदणी नाही. ट्रस्टच्या नावावर नोंदली, तर प्रत्येक विश्वस्ताला ती स्वतंत्रपणे बाळगता येते. त्याची किंमत म्हणजे प्रत्येक अर्जाच्या वेळी प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’चा, म्हणजे विश्वस्ताचा, फॉर्म २३, फोटो आणि ठशांची दोन कार्डं. १३ जुलै २०१६ पासून हा नियम आहे. त्याआधी ट्रस्टला ठसे लागत नसत, म्हणून जुन्या लेखांमधले सल्ले आज चालत नाहीत.

इथल्या मराठी घरांत एक अडचण वारंवार दिसते. नवरा ग्रीन कार्डवर किंवा नागरिक झालेला, आणि बायको अजून एच-४ वर. तिला विश्वस्त करता येत नाही, आणि किल्ली किंवा तिजोरीचा आकडाही तिला माहीत असता कामा नये. पुण्याहून सहा महिन्यांसाठी बी-२ वर आलेल्या आई-बाबांचंही तसंच. बाबा एनसीसीत होते, त्यांना बंदुकांची आवड आहे, तरी तिजोरीचा आकडा त्यांना सांगायचा नाही. दोघांचाही अपमान म्हणून हे सांगत नाही. त्यांचा व्हिसा आणि तुमची नोंदणी, दोन्ही सांभाळण्यासाठी सांगतो.

ट्रस्ट करायचा तर वकिलाकडून, राज्याच्या नियमांप्रमाणे. अर्जासोबत सगळी पानं लागतात: सहीचं पान, मालमत्तेची यादी, दुरुस्त्या, सगळंच. एक पान राहिलं तरी अर्ज परत येतो. ट्रस्टचं नाव प्रत्येक ठिकाणी अक्षरशः एकच हवं. कागदावर ‘कुलकर्णी फॅमिली ट्रस्ट’ आणि अर्जात ‘द कुलकर्णी फॅमिली ट्रस्ट’ असं लिहिलं, तर ही दोन नावं झाली. मागच्या २४ महिन्यांत याच ट्रस्टचा अर्ज मंजूर झाला असेल आणि त्यात काही बदललं नसेल, तर तसं प्रमाणित करून कागद पुन्हा देण्याचं टाळता येतं.

अर्ज भरताना

सगळ्यात जास्त चुका नावात होतात. आपल्याकडे मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि ते पासपोर्टवर एक, ग्रीन कार्डवर दुसरं, ड्रायव्हिंग लायसन्सवर फक्त आद्याक्षर, असं असतं. अर्जाआधी सगळी ओळखपत्रं टेबलावर शेजारी शेजारी मांडा. फरक असेल तर आधी लायसन्स दुरुस्त करून घ्या, कारण डीलरकडे बंदूक घेताना ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर ते लायसन्सच पाहिलं जातं. मधलं नाव पूर्ण लिहा. पत्ता राहत्या घराचा हवा, पोस्ट बॉक्स चालत नाही. नाव सर्वसामान्य असेल आणि पार्श्वभूमीच्या तपासणीत दुसऱ्याच माणसाची नोंद आडवी येत असेल, तर एफबीआयच्या स्वेच्छा अपील फाइलमध्ये अर्ज करून स्वतःचा ओळख क्रमांक घेता येतो. तो एकदा मिळाला की पुढच्या प्रत्येक अर्जात उपयोगी पडतो.

फॉर्म १ मध्ये बंदुकीचं वर्णन भरावं लागतं. मूळ निर्माता म्हणजे बंदूक जिने बनवली ती कंपनी. आयात करणाऱ्याचं नाव रिसीव्हरवर मोठ्या अक्षरांत असलं तरी तो निर्माता नव्हे. प्रकारात ‘आखूड नळीची शॉटगन’ निवडा. शेजारी ‘इतर कोणतंही शस्त्र’ असा पर्याय असतो, तो वेगळ्या बंदुकांसाठी आहे. गेज, मॉडेल, नळीची लांबी आणि पूर्ण लांबी भरा, मापं इंचांत. ही मापं काम पूर्ण झाल्यावर जी असतील ती हवीत, आत्ताची नाहीत. दस्ता उघडलेल्या स्थितीत पूर्ण लांबी किती होईल, हे आधी कागदावर काढून ठेवा.

सीरियल नंबर बंदुकीवरून थेट लिहून घ्या, खोक्यावरून नाही. शून्य आणि ‘ओ’, एक आणि ‘आय’ यांत गल्लत होते. भिंगाने पाहा, फोटो काढा, मोठा करून वाचा. १९६८ च्या आधी बनलेल्या बऱ्याच साध्या शॉटगनांवर नंबरच नसतो, कारण तोवर तशी सक्ती नव्हती. अशा बंदुकीसाठी तुम्ही स्वतः नंबर ठरवायचा, आद्याक्षरं आणि काही आकडे, आणि तोच पुढे कोरायचा. बनवण्याचं कारण विचारलं जातं. ‘सर्व कायदेशीर कामांसाठी’ एवढं उत्तर पुरतं.

फोटो २ बाय २ इंचांचा, मागच्या वर्षभरातला. ओसीआय कार्डासाठी काढता तोच आकार. टोपी आणि गॉगल नको.

ठसे एफडी-२५८ या कार्डावर, प्रत्येकी दोन. कार्डं एटीएफकडून फुकट मागवता येतात, तीच घ्या, कारण त्यांच्यावर एटीएफचा कोड आधीच छापलेला असतो. ठसे घेणाऱ्याने बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकदाच गुंडाळायचं असतं. मागे-पुढे घासलं की रेषा डबल होतात. अंगठा शरीराकडे वळवायचा, बाकीची बोटं शरीरापासून दूर, मग बोट फिरताना ताण पडत नाही. खालच्या रांगेत चारही बोटं एकत्र सपाट टेकवायची, त्यांचा आणि वरच्या ठशांचा क्रम जुळला पाहिजे. शिकागो-मिनियापोलिसच्या हिवाळ्यासारख्या कोरड्या हवेत कातडी फुटते आणि ठसे तुटक येतात. आदल्या आठवडाभर रात्री हाताला खोबरेल तेल किंवा क्रीम लावा, पण ठसे देण्याच्या दिवशी हात स्वच्छ धुऊन कोरडे करा. तेलकट बोटावर शाई पसरते.

डिजिटल ठशांची फाइल ई-फॉर्म्समध्ये चढवता येते, आणि ती मिळत असेल तर तीच चढवा. शाईची कार्डं पाठवायची असतील, तर अर्ज केल्यावर बारकोड असलेलं कव्हर पान येतं, ते जोडून १० कामकाजाच्या दिवसांत टपालात टाकायचं. प्रत्येक व्यक्तीचं कव्हर पान वेगळं असतं. दोघांची कार्डं एकाच पानाखाली गेली तर एकाचीच पोचल्याची नोंद होते. कार्ड दुमडू नका, जाड पुठ्ठा घाला आणि टपालाचा ट्रॅकिंग क्रमांक ठेवा.

शेवटचं पाऊल म्हणजे अर्जाची प्रत स्थानिक पोलीस प्रमुख किंवा काउंटीच्या शेरीफला पाठवणं. २०१६ च्या आधी त्यांची सही लागायची आणि काही ठिकाणी ती मिळायचीच नाही. आता फक्त कळवायचं असतं, परवानगी मागायची नसते. ट्रस्ट असेल तर प्रत्येक विश्वस्ताने आपापल्या गावच्या प्रमुखाला फॉर्म २३ ची प्रत पाठवायची. टपालाची पावती फाइलमध्ये लावा.

वाट पाहताना

फॉर्म १ वाल्यांसाठी हा सगळ्यात नाजूक काळ. बंदूक घरात आहे, १४ इंचांची नळी कुठेतरी स्वस्तात दिसते आहे. ती मागवू नका. सुटे भाग घरात आहेत आणि ते जोडले तर आखूड शॉटगनच होते, दुसरा कायदेशीर उपयोग नाही, अशी परिस्थिती असेल तर न जोडताही ती ‘बनवली’ असा आरोप होऊ शकतो. थॉम्प्सन/सेंटर या बंदूक कंपनीच्या सुट्या भागांच्या संचावरून झालेल्या १९९२ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला तो यासाठी, की त्या संचातल्या भागांपासून कायदेशीर पिस्तूल आणि कायदेशीर रायफल, दोन्ही बनवता येत होती. तुमच्या आखूड नळीला तसा दुसरा उपयोग नसतो. शॉकवेव्ह असेल तर दस्त्याला हाच नियम लावा.

अर्ज नामंजूर झाला तर कारण लिहून येतं: ठसे वाचता आले नाहीत, ट्रस्टचं पान नाही, नाव जुळत नाही. अशी कारणं दुरुस्त करून पुन्हा अर्ज करता येतो. तपासणीत काही नोंद निघाली असेल, तर वकिलाशिवाय पुढचा अर्ज करू नका.

घराच्या माळ्यावर किंवा विकत घेतलेल्या जुन्या घरात कापलेली शॉटगन सापडली, तर ‘आता नोंदवून टाकू’ असं करता येत नाही. फॉर्म १ बनवण्याआधीच भरावा लागतो, आणि आधीच बनलेल्या बंदुकीची नोंदणी मालकाला करता येत नाही. १९६८ मध्ये हेन्स खटल्यानंतर (नोंदणीच्या सक्तीवरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल) कायदा बदलला तेव्हा २ नोव्हेंबर ते १ डिसेंबर अशी एक महिन्याची माफीची मुदत दिली होती. ती संपली. अशी बंदूक सापडली तर ती गाडीत घालून स्वतः पोलीस ठाण्यात नेऊ नका. आधी वकिलाला फोन करा, ती सरकारजमा करण्याची व्यवस्था त्याला करू द्या.

मंजुरीनंतर

फॉर्म ४ असेल तर डीलरकडे जा, ४४७३ भरा, आणि बंदुकीवरचा नंबर मंजूर फॉर्मवरच्या नंबराशी अक्षर अक्षर जुळवा. एक अक्षर जरी वेगळं असेल तर बंदूक दुकानातच ठेवा आणि दुरुस्ती झाल्यावर न्या.

फॉर्म १ असेल तर आधी कोरीवकाम. निर्माता म्हणून तुमचं किंवा ट्रस्टचं पूर्ण नाव, शहर आणि राज्य बंदुकीवर यायला हवं. नाव फॉर्मवर आहे तसंच, ट्रस्ट असेल तर ट्रस्टचंच. खोली किमान ०.००३ इंच हवी, आणि नंबर नवा असेल तर त्याची अक्षरं किमान १/१६ इंच उंच, म्हणजे अर्ध्या सुताइतकी. कोरायचं ते रिसीव्हरच्या धातूवर. नळीवर कोरलं आणि उद्या नळी बदलली, तर नाव नळीबरोबर जातं. लेझरवाल्याला खोली मोजून दाखवायला सांगा. नुसता रंग उडवून उमटवलेलं नाव सुंदर दिसतं, पण बोट फिरवलं की काहीच लागत नाही. ते चालत नाही. कारागिराला मंजूर फॉर्मची प्रत द्या, मग स्पेलिंगची जबाबदारी तोंडी राहत नाही.

त्यानंतरच नळी. कापण्यापेक्षा तयार आखूड नळी घेऊन बसवणं आम्हाला जास्त पटतं. जुनी १८ इंचांची नळी शाबूत राहते आणि तिचा पुढे उपयोग आहे, तो खाली सांगितला आहे. बंदूक परदेशी बनावटीची असेल, विशेषतः इटालियन किंवा तुर्की सेमी-ऑटोमॅटिक, तर आणखी एक नियम तपासा. आयातीला बंदी असलेल्या धाटणीची शॉटगन जोडताना, ठरलेल्या २० भागांच्या यादीतले १० पेक्षा जास्त भाग परदेशी असू नयेत. मंजूर फॉर्म १ या नियमातून सूट देत नाही.

बाळगताना आणि फिरताना

बंदुकीसोबत मंजूर फॉर्मची प्रत नेहमी ठेवा, मूळ प्रत घरी सुरक्षित. फोनमध्येही एक असू द्या.

राज्याची सीमा ओलांडायची असेल तर निघण्याआधी फॉर्म २० मंजूर करून घ्यावा लागतो. डॅलसहून ओक्लाहोमातल्या रेंजवर एका दिवसासाठी जायचं असलं तरी. तो फुकट आहे आणि एका अर्जात वर्षभरापर्यंतचा काळ मागता येतो, म्हणून नेहमी जाण्याचं एकच ठिकाण असेल तर वर्षाचाच मागा. घर दुसऱ्या राज्यात हलवत असाल तर सामानाच्या ट्रकआधी हा फॉर्म, आणि नव्या राज्यात ती चालते का हे त्याहून आधी. टेक्ससची नोकरी सोडून न्यू जर्सीत जाणाऱ्याला ती सोबत नेताच येत नाही. जुनी १८ इंचांची नळी इथे कामी येते: ती बसवून, पूर्ण लांबी २६ इंचांवर ठेवून, आणि आखूड नळी घरीच सोडून गेलात, तर प्रवासात ती साधी शॉटगन असते आणि फॉर्म २० लागत नाही. त्याच राज्यात घर बदललं तर एटीएफच्या एनएफए विभागाला नवा पत्ता लेखी कळवा. हा विभाग वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला आहे. चोरी झाली किंवा हरवली, तर पोलीस आणि एटीएफ दोघांना लगेच.

भारतात परतताना ही बंदूक नेण्याचा विचार करू नका. भारताच्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात कलम ६ खाली परवान्याशिवाय नळी आखूड करणं हाच गुन्हा आहे, आणि अमेरिकेची मंजुरी तिथे कामाची नाही. परतायचं ठरलं की काही महिने आधी फॉर्म ४ वर ती विकायला काढा. हस्तांतर मंजूर होईपर्यंत ती तुमच्याच नावावर असते, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी हे काम सुरू झालेलं असावं.

मालक गेल्यावर कायदेशीर वारसाच्या नावावर ती फॉर्म ५ वर होते. इस्टेटचं काम चालू असेपर्यंत ती मृत्युपत्रात नेमलेल्या एक्झिक्युटरच्या ताब्यात राहू शकते, त्याने ती दुसऱ्याकडे ठेवायला देऊ नये. वारस मुलगा एफ-१ वर असेल, किंवा भाऊ नाशिकला राहत असेल, तर त्यांच्या नावावर ती होणार नाही. एक्झिक्युटरला ती पात्र खरेदीदाराला फॉर्म ४ वर विकावी लागेल आणि पैसे वारसाला द्यावे लागतील. मृत्युपत्रात किंवा ट्रस्टमध्ये ही गोष्ट सरळ लिहून ठेवा: बंदुकीचा नंबर, मंजूर फॉर्म कुठे आहे, आणि कोणत्या डीलरला फोन करायचा. तिजोरीच्या आतल्या बाजूला फॉर्मची एक प्रत चिकटवून ठेवा, म्हणजे तिजोरी पहिल्यांदा उघडणाऱ्याला ही नोंदणीची बंदूक आहे हे हात लावण्याआधीच कळेल.